नऊ व्होल्टांतून दहा

आधीच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझं वय नाही आणि मला तो सरावही नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. गल्लीत कुणाला रेशनकार्डासाठी, कुणाला बदलीसाठी अर्ज हवा असला की वडील मला पुढं करायचे, आणि 'आपला विश्वासू' आलं की माझं लेखन संपायचं. त्यापुढं स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहायची, तीही गिटारच्या एका छोट्याशा अँप्लिफायरबद्दल, हा आगाऊपणाच वाटतो. दोनदा सुरुवात करून कागद फाडले. तरी लिहितो आहे, कारण त्या हिवाळ्यात जे झालं ते मी घरी पत्रातून अर्धंच कळवलं. उरलेलं अर्धं कळवायची लाज वाटली होती.

मी जालन्याचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील नगरपालिकेत व्हॉल्व्हमन आहेत. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. हातभर लांबीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते निघतात. त्यांचे पाने, पक्कड, सुतळी, वॉशर असं सगळं एका पोत्यात पलंगाखाली असायचं आणि त्या पोत्याला मी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "ठेव ते. पुस्तक घे," एवढंच म्हणायचे. त्यांना हातानं काम करणारा आणखी एक माणूस घरात नको होता. घरातला नळ गळायला लागला तर मी खाली बादली लावून वडील येईपर्यंत वाट बघायचो. तोपर्यंत बसून अभ्यास करायचो. असा मी वाढलो.

इंजिनिअरिंगला गेल्यावर तरी हाताला काही लागेल असं वाटलं होतं. पण आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, एकच चालू होतं. त्याला शिवून घेतलेलं निळं कव्हर होतं आणि ते बाहेरून परीक्षक येणार असतील तेव्हाच निघायचं. बाकी वर्षभर आम्ही प्रॅक्टिकलची जर्नलं लिहायचो. बहुतेक मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवायची. मी तसं केलं नाही. मी सूत्र मांडून उत्तर काढायचो आणि त्यावरून उलटं गणित करून रीडिंग बनवायचो. ही कॉपी नव्हती, त्यामुळं मला हे प्रामाणिकपणाचंच वाटायचं. मला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळायचे.

हे सत्तेचाळीस घेऊन मी ॲरिझोनात आलो, फिनिक्सच्या जवळच्या एका विद्यापीठात, मास्टर्स करायला. पहिलं सत्र कसंबसं निभणार होतं. पुढचं निभायचं असेल तर पदवीच्या मुलांची लॅब शिकवायचं काम मिळायला हवं होतं, म्हणजे फी माफ झाली असती. नाही मिळालं तर जानेवारीत परत जालना. हे मी घरी सांगितलं नव्हतं. मी शिकायला गेलोय म्हणजे शिकूनच येणार, असं तिथं सगळ्यांनी धरलं होतं.

लॅबचं काम कुणाला द्यायचं याची शिफारस लॅब सांभाळणाऱ्या बाई करायच्या. साठीच्या असतील. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यापूर्वी वीस वर्षं त्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या कारखान्यात कामगार होत्या. कॉलेजात गेल्या नव्हत्या, हे त्या स्वतःच पहिल्या भेटीत सांगायच्या. मी हातात मार्कशीट घेऊन, ताठ उभा राहून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणालो.

"मॅम म्हणू नकोस, मला माझी शाळेतली मास्तरीण आठवते," त्या म्हणाल्या. मार्कशीट त्यांनी नीट वाचली. "मार्क फार छान आहेत. पण मार्क तारा सोल्डर करत नाहीत. तू हातानं काय बनवलं आहेस?"

मी पलंगाखालच्या पोत्यापासून निळ्या कव्हरपर्यंत सगळा विचार केला आणि मार्कशीटची घडी घातली.

"काहीही बनवून आण," त्या म्हणाल्या. "चालणारी वस्तू हवी. आणि तिची मोजमापं वहीत लिहून आण. सत्र संपायच्या आत."

काय बनवायचं ते माझ्या रूममेटनं ठरवलं. तो नागपूरचा, कॉम्प्युटर सायन्सचा, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार आणि अभ्यास माझ्यापेक्षा निम्मा करणारा. कुणाच्या तरी घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्यानं एक लाल इलेक्ट्रिक गिटार आणली होती. तिच्याबरोबर अँप्लिफायर नव्हता. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं, त्यामुळं अँप्लिफायर नसला तर ती घराच्या जाळीवर बोटं फिरवल्यासारखी वाजते. यानं त्यावर उपाय काढला होता. गिटारचं टोक कपाटाच्या दाराला टेकवून तो वाजवायचा, म्हणजे दार थरथरून थोडा आवाज यायचा. कपाटात माझे शर्ट होते. ते काढायला गेलं की त्याचा रियाज मोडायचा.

"काय बे, तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना?" तो म्हणाला. "मंग हा अँप बनव ना. तुझ्या बाईलेही दाखवता येईल अन् माझं कपाटही सुटेल."

"कपाट तुझं नाही, दोघांचं आहे."

"तेच तर म्हणून राहिलो. तुझंही सुटेल."

ग्रंथालयात छंदवाल्यांच्या एका जुन्या मासिकात मला सर्किट सापडलं. आठ पायांची एक छोटी चिप, चारपाच कपॅसिटर, आवाज कमीजास्त करायचं एक बटण, एक स्पीकर आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कागदावर मला ते पाच मिनिटांत समजलं. ही चिप येणारा आवाज वीसपट करते, हेही मला तोंडपाठ होतं.

स्पीकर आणि खोका कचऱ्यातून आला. सत्राच्या मध्येच कुणीतरी फ्लॅट सोडला होता आणि आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीशेजारी बिघडलेला टीव्ही आणि एक बसकं लाकडी टेबल ठेवून गेलं होतं. टीव्हीतून स्पीकर निघाला. टेबलाचं ड्रॉवर आम्ही ओढून घेतलं. ते उभं केलं की मस्त खोका व्हायचा, आणि पुढचा पितळी गोळा धरून तो उचलताही यायचा. रूममेटनं त्यावर पुठ्ठ्यातून एक गोल कापून स्पीकरची जागा आखली आणि म्हणाला, "पाह्य, अर्धा अँप तर झालाच."

उरलेला अर्धा माझ्याकडे होता. लॅबमध्ये बाईंनी मला सोल्डरिंगची, म्हणजे मऊ धातू वितळवून तारा जोडायची, पेनासारखी तापणारी सळई दिली आणि म्हणाल्या, "लाव." मी ती खरंच पेनासारखी धरली, म्हणजे टोकाच्या अगदी जवळ. पुढचे चार दिवस माझ्या तर्जनीला फोड होता. बाईंनी बोट थंड पाण्याखाली धरायला लावलं आणि कुठलीही दया न दाखवता पुन्हा सळई हातात दिली.

"सोल्डर तापवायचं नाही. ज्याला जोडायचंय त्याला तापवायचं. ते तापलं की सोल्डर आपण होऊन त्यावर पसरतं. सांधा चमकला तर जमलं. राखाडी दिसला तर काढ आणि पुन्हा कर."

माझे पहिले तीस सांधे राखाडी होते. तार, सोल्डर, फुंकर, राखाडी. शेजारच्या बाकावर विशीतली अमेरिकन मुलं गप्पा मारत सांधे जोडत होती आणि मी, मास्टर्सचा विद्यार्थी, जीभ दातांत धरून बसलो होतो. एकतिसावा का बत्तिसावा चमकला. बाई तिकडून जाता जाता थांबल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. हे "हं" मी दिवसभर पुरवलं.

आठवड्यानंतर एका शनिवारी दुपारी ड्रॉवर आमच्या खोलीत गालिच्यावर उभं होतं. बॅटरी लावली. रूममेटनं गिटारची वायर खोचली आणि पहिली तार छेडायला हात उचलला, तोच ड्रॉवरमधून एक माणूस बोलायला लागला. स्पॅनिशमध्ये, अतिशय उत्साहानं, मागं ट्रम्पेट.

आम्ही दोघंही एक पाऊल मागं सरलो.

"अबे, हा तर बोलतो!" रूममेट म्हणाला. "गिटार राहू दे, तू रेडिओ बनवला बे."

माझ्या लांबलचक, वेड्यावाकड्या वायरी एरियलचं काम करत होत्या. वायरी आखूड केल्या, गिटारकडून येणारी वायर जाळीदार आवरणाची घेतली, तेव्हा तो माणूस गेला. मग रूममेटनं तार छेडली आणि ड्रॉवरमधून गिटार वाजली. थोडी गोधडीखालून आल्यासारखी, पण वाजली. मी त्या स्पीकरवर हात ठेवला. कागद थरथरत होता. मी जोडलेल्या सांध्यांमधून आवाज येत होता, हे त्या हाताला कळत होतं. आम्ही संध्याकाळपर्यंत वाजवत बसलो. खालच्या मजल्यावरच्यानं छताला दोनदा ठोकलं. आमचा अँप त्याला ऐकू गेला, याचा आम्हाला आनंदच झाला.

रविवारी मी वही लिहायला घेतली. आता इथं माझी जी चूक झाली ती मी पुन्हापुन्हा आठवून पाहिली आहे आणि तरीही मला ती पूर्ण समजलेली नाही. अँप माझ्या समोर होता. लॅबमध्ये यंत्रं होती, कव्हर नसलेली, सगळ्यांना खुली. पण वही उघडली आणि माझा हात आपला आपण चालू झाला. उद्देश. साहित्य. आकृती. कृती. लाल शाईनं अधोरेखित. मग निरीक्षणांचा तक्ता. आत किती व्होल्ट दिले, बाहेर किती आले. शून्य पूर्णांक एक दिले तर दोन. शून्य पूर्णांक दोन दिले तर चार. तीनला सहा. चारला आठ. पाचला दहा. वीसपट, सुरेख, एकही खाडाखोड नाही. मला खोटं लिहितोय असं क्षणभरही वाटलं नाही. मोजायला जायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

सोमवारी बाईंनी ड्रॉवर पाहिलं, पितळी गोळा धरून उचलून पाहिलं, हसल्या. आतले सांधे एकेक करून पाहिले. मग वही उघडली. अक्षराचं कौतुक केलं. बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"बॅटरी कितीची लावलीस?"

"नऊ व्होल्टची."

"आणि बाहेर दहा आले?"

मी तक्त्याकडं बघितलं. नऊच्या बॅटरीतून दहा. पहिलीतलं पोर सांगेल.

"मला पण शिकव की," बाई म्हणाल्या. "आमच्या कारखान्यात फार उपयोग झाला असता."

त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. मला काहीतरी सांगता आलं असतं, की मोजण्यात चूक झाली, की यंत्र बिघडलं होतं. तोंड उघडलंही. मग म्हणालो, "मी मोजलंच नाही. मी हिशेबानं लिहिलं. आमच्याकडे… मी नेहमी असंच लिहितो."

बाईंनी वही मिटली आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली.

"हे मी वर पाठवलं तर तुझी चौकशी होईल. लॅबचं काम तर सोडच." त्यांनी ड्रॉवर पुन्हा जवळ ओढलं. "सांधे तुझे आहेत ना?"

"हो."

"ते दिसतंच. कोरी वही आण. सत्र संपायला दोन आठवडे आहेत. तुला काय वाटतं ते मला वाचायचं नाही. यंत्र काय म्हणतं ते लिही."

पुढच्या रविवारी जवळच्याच चँडलर गावी एका ओळखीच्या काकांकडं बुद्धवंदना होती. काका आमच्याकडचेच, एका चिप कंपनीत इंजिनिअर, तेही घरातले पहिले शिकलेले. महिन्यातून एकदा आम्ही चारपाच मुलं त्यांच्याकडं जायचो. वंदना, मग जेवण. मी जेवत नाही हे काकूंनी ओळखलं आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. मी सगळं सांगितलं. काका दारात उभे राहून ऐकत होते हे मला दिसलं नाही.

"नऊच्या बॅटरीतून दहा?" ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं, यानं वीज पिकवली!"

"तुम्ही हसू नका," काकू म्हणाल्या. "तुमचं जर्नल कुणी लिहिलं होतं? लग्नाआधी मीच आकृत्या काढून द्यायचे."

"आकृत्याच फक्त," काका म्हणाले.

"अन् रीडिंग?"

काकांनी भाजीचा डाव उचलला. मग माझ्या ताटात भाजी वाढत हळूच म्हणाले, "मलाही इथं आल्यावर असंच पकडलं होतं रे. मी मात्र कबूल केलं नाही. यंत्र खराब आहे म्हणालो. तीन वर्षं मला कुणी महत्त्वाचं मोजायला दिलं नाही. तू सांगून टाकलंस ते बरं केलंस. जा, आता मोज."

मी मोजायला लागलो. आणि पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली, कारण खरी रीडिंग फार घाणेरडी असतात. दोनच्या जागी एक पूर्णांक नऊ. चारच्या जागी तीन पूर्णांक सात. सहाच्या जागी पाच पूर्णांक दोन. त्यापुढं काही वाढेचना. आत कितीही द्या, बाहेर साडेपाचच्या आसपास अडकलेलं, आणि पडद्यावर लाटेचे शेंडे सपाट, कोयत्यानं छाटल्यासारखे. पुस्तकात याला विकृती म्हणतात. मी खिन्न होऊन रूममेटला सांगितलं की आवाज वाढवला की लाट कापली जाते.

"वाजवून दाखव," तो म्हणाला. त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तारा छेडल्या. ड्रॉवरमधून एक खरखरीत, दाणेदार, रागीट आवाज आला. त्याचे डोळे मोठे झाले. "अबे, हाच तर पाहिजे! लोकं यासाठी वेगळी पेटी घेतात ना बे. तू याले खराबी म्हणून राहिला?"

मी वहीत लिहिलं, विकृती. आणि खाली, वाजवणाऱ्याला आवडली. जर्नलात असं वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं.

पण एक गोष्ट त्यालाही आवडत नव्हती. तो गोधडीखालचा आवाज. जाड तारा बऱ्या वाजायच्या, बारीक तारांचा झणकार मात्र कुठंतरी मरायचा. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. यंत्राला विचार."

मग आम्ही असं केलं. रूममेटला लॅबमध्ये गिटार घेऊन बसवलं. आधी फक्त गिटार ऑसिलोस्कोपला जोडली आणि त्याला बारीक तार दहा वेळा छेडायला लावली. दहाही वेळा लाट किती उंच उठते ते लिहिलं आणि सरासरी काढली. मग तीच गिटार अँपला जोडून पुन्हा दहा वेळा.

"एकसारखं छेड," मी म्हणालो.

"माणूस आहे बे मी, मशीन नाही."

"म्हणून तर दहा वेळा."

"हे तुझं प्रॅक्टिकल आहे का माझं?"

अँपला जोडली की लाट पावपट व्हायची. जाड तारेची निम्म्याहून थोडी जास्त उरायची. मी त्या दोन आकड्यांकडं बघत बसलो. अँपला जोडताच गिटारचा आवाज पडतो. म्हणजे अँप गिटारकडून काहीतरी ओढून घेतो. आवाजाचं ते बटण. मासिकातल्या सर्किटमध्ये ते फार कमी रोधाचं, म्हणजे वीज सहज ओढून घेणारं होतं. रेडिओसारख्या दणकट गोष्टीला ते चालतं. गिटारमधली वीज मात्र अशक्त असते, तिच्यावर एवढा भार टाकला की ती बसते, आणि उंच स्वर आधी बसतात. हे मला येत होतं! आत शिरणाऱ्या बाजूचा रोध, त्याचं सूत्र, त्याची व्याख्या, मी चार परीक्षांत लिहिलं होतं आणि चारही वेळा पूर्ण मार्क घेतले होते. ते एखाद्या तारेच्या आवाजाबद्दल आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. रूममेटला वाटलं मला शॉक बसला.

उपाय कुठल्याही मासिकात बघितला नाही. कागद घेतला आणि गिटार आणि ते बटण यांच्या मध्ये एक ट्रान्झिस्टर काढला, गिटारकडून जवळजवळ काहीच न मागणाऱ्या जातीचा. किती रोध लावायचा ते गणितानं काढलं. गणित मला येतच होतं. सांधेही आता येत होते. तीन चमकले, एक राखाडी झाला, तो काढून पुन्हा केला. बॅटरी लावली.

रूममेटनं बारीक तार छेडली. आवाज खिडकीची काच फुटावी तसा स्वच्छ बाहेर आला. त्यानं हात तारेवर ठेवून तो थांबवला, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा छेडला. या वेळी थांबवला नाही. काही वेळानं म्हणाला, "भाऊ, ही गिटार एवढी चांगली आहे हे मलेच माहीत नव्हतं."

आत्तापर्यंत तो मला 'बे' म्हणायचा. भाऊ पहिल्यांदाच.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मी नवी वही बाईंसमोर ठेवली. ती पहिलीसारखी देखणी नव्हती. शाई तीन रंगांची, कॉफीचा डाग, आकडे कुठंच सरळ येत नव्हते. बाईंनी पानं उलटली, मधेच एक रीडिंग बोटानं धरलं. "हे आत्ता मोजून दाखव."

मोजलं. जुळलं. त्यांनी दुसरं धरलं, सगळ्यात शेवटचं, जिथं लाट कापली जात होती. वहीत पाच पूर्णांक चार. यंत्रावर पाच पूर्णांक एक.

मी पुन्हा मोजून पाहिलं, तेच आलं. मी म्हणालो, "जुळत नाही."

"का?"

मला माहीत नव्हतं. मग हात आपोआप बॅटरीकडं गेला आणि मी तिचं व्होल्टेज मोजलं. नऊच्या जागी साडेआठ. "दोन आठवडे आम्ही वाजवतो आहोत. बॅटरी उतरली. म्हणून वरचं टोकही खाली आलं."

"मग तेही लिही. जुनं खोडू नकोस."

मी जुन्या आकड्याखाली नवा लिहिला, बॅटरीचा आकडाही लिहिला. बाई मागं टेकून बसल्या आणि माझ्या रूममेटला म्हणाल्या, "आता वाजव."

तो लाजेल असं मला वाटलं होतं. त्यानं स्टूल ओढलं आणि नागपुरात जयंतीच्या मिरवणुकीत बँडवाले वाजवतात त्यातली एक चाल सुरू केली. मला ती लहानपणापासून पाठ होती. ढोल, क्लॅरिनेट, धूळ, गर्दी यांच्यातून ऐकलेली ती चाल लाल गिटारमधून, कचऱ्यातल्या टीव्हीच्या स्पीकरमधून, ॲरिझोनातल्या लॅबमध्ये वाजत होती. बटण शेवटपर्यंत. कडेनं खरखरीत आणि मध्ये स्वच्छ. शेजारच्या लॅबमधली मुलं दारात येऊन उभी राहिली. एकानं बाकावर ताल धरला. बाईंचा पाय हलत होता. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी ड्रॉवर दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, ते कुठं पळून जाणार असल्यासारखं. संपल्यावर दारातल्या एका मुलानं विचारलं, "हे कुणी बनवलं?" रूममेटनं काही न बोलता बोट माझ्याकडं केलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मी शिफारस करीन," बाई म्हणाल्या. "ठरवणार वरचे लोक. पत्र येईल."

पत्राची वाट बघण्यात नाताळची सुट्टी गेली. आमच्या इमारतीच्या टपालपेटीची किल्ली माझ्या खिशातच असायची. दिवसातून दोनदा उघडायचो. पिझ्झाची कुपनं, वीजबिल, आधीच्या भाडेकरूची मासिकं. नवीन वर्ष आलं. घरून वडिलांचं पत्र आलं, त्यात अभ्यास कसा चालला आहे असं विचारलं होतं. फी भरायच्या शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले तेव्हा मी परतीच्या तिकिटाची चौकशी केली. रूममेट म्हणाला, "थांब ना बे." पण तोही हळू म्हणाला.

लॅबची सळई अजून माझ्याकडं होती. ती परत करावी आणि बाईंचे आभार मानावेत म्हणून मी गेलो. त्या बाकं पुसत होत्या. मला बघून त्यांनी फडकं खाली टाकलं.

"तू होतास कुठं? तीन आठवडे झाले, सही का केली नाहीस?"

"कसली सही?"

"पत्रावर!"

"पत्र आलं नाही. मी रोज पेटी बघतो. दिवसातून दोनदा."

"कुठली पेटी?"

मी घरची म्हणालो. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मला ओढतच विभागाच्या कार्यालयात नेलं. तिथं भिंतीवर लाकडी कप्पे होते. रोज त्यांच्यासमोरून जायचो. ते प्राध्यापकांचे आहेत असं मी धरून चाललो होतो आणि दुसऱ्याच्या टपालात डोकावणं मला बरं दिसलं नसतं. सगळ्यात खालच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या कप्प्यावर माझं नाव चिकटवलेलं होतं. सप्टेंबरपासून असेल. आत सूचनांची चळत आणि मध्ये एक लांब पांढरं पाकीट.

पत्र चार ओळींचं होतं. मी ते उभ्यानंच वाचलं, आणि बाईंनी सांगितलं म्हणून मोठ्यानं पुन्हा वाचलं. येत्या सत्रापासून, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी, पहिल्या वर्षाच्या दोन लॅब माझ्याकडं दिल्या होत्या, आणि फी माफ होती.